जावयाच्या गाडीचा पंचनामा

आमची आत्या कुठलीही वस्तू आधी नाकाने बघायची, मग डोळ्यांनी. भाजीवाल्याची कोथिंबीर, शेजारून आलेला शिरा, कुणाच्या तरी गावाहून आलेला तुपाचा डबा, सगळ्यांना आधी तिच्या नाकाखालून जावं लागायचं. कॅब बोलावली तर ती दार उघडून क्षणभर तशीच वाकून उभी राहायची. ड्रायव्हरला वाटायचं, बाईंना चढायला त्रास होतोय, म्हणून तो बिचारा हात द्यायला उतरायचा. आत्या त्याला सांगायची, "हात नको. मागच्या सीटखाली ओल आहे तुमच्या, ती वाळवा." मग तो माणूस स्वारगेट येईपर्यंत आरशातून तिच्याकडे बघत राहायचा.

हे नाक तिला धंद्याने दिलं होतं. आत्या मोटारींच्या विम्याची सर्व्हेअर होती. गाडीला अपघात झाला, गाडी पाण्यात गेली किंवा पेटली, की मालक विमा कंपनीकडे भरपाई मागतो. तो सांगतोय तसंच घडलंय का, हे बघायला जो माणूस जातो तो सर्व्हेअर. म्हणजे ज्याच्यासमोर लोक घरून तालीम करून येतात असा माणूस. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून ती या कामात शिरली तेव्हा गॅरेजमध्ये बाई दिसली की लोक विचारायचे, "साहेब कुठे आहेत?" "साहेब वारले," असं सांगून ती गाडीखाली वाकायची. काका त्या वेळी चांगले धडधाकट होते आणि बँकेत नोकरी करत होते. पुढे ते खरोखरच गेले, तेव्हापासून ती हे उत्तर द्यायची बंद झाली.

पंचनामाआत्या हे नाव तिला माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्याच भावाने दिलं. त्याला कारण एक म्हैस. हडपसरच्या बाजूला एका गृहस्थांनी सांगितलं की चालत्या गाडीला म्हैस धडकली आणि दार चेपलं. आत्याने दारावरून हात फिरवला आणि शांतपणे विचारलं, "दार आतून बाहेर वाकलंय. म्हैस आत बसली होती का?" ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली की आम्हा मुलांना ती म्हैस नावानिशी माहीत असल्यासारखी वाटायची.

"कशावरून?" हा तिचा आवडता शब्द. आंब्याची पेटी आली आणि वडील म्हणाले, देवगडचा आहे, की ही म्हणणार, "पेटी देवगडची आहे. आंबा कशावरून?" कुणी म्हणालं, आता माझी तब्येत बरी आहे, की "कशावरून? डॉक्टर म्हणाले की तूच म्हणतोयस?" तिची मुलगी रसिका लहानपणी शाळेतून आल्यावर मार्क सांगायचीच नाही, सरळ पेपर समोर ठेवायची. वडील आत्याला चिडवायचे की सुलभे, तू देवाला हात जोडतेस तेव्हाही त्याच्याकडे ओळखपत्र मागत असशील. आत्या हसायची, पण नाही म्हणायची नाही.

नातेवाइकांत कुणालाही जुनी गाडी घ्यायची असली की आत्याला न्यायची पद्धत होती. ती एक कापडी पिशवी घेऊन निघायची. तिच्यात विजेरी, लांब दांड्याचा आरसा आणि जुन्या रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. पत्र्याला जिथे चुंबक चिकटत नाही तिथे खड्डा बुजवायची लांबी भरलेली, म्हणजे तिथे गाडी कधीतरी धडकलेली. विकणाऱ्याकडे ती पाणीसुद्धा घ्यायची नाही. "त्याचा चहा घेतला की इंजिनाचा आवाज कमी ऐकू येतो," असं तिचं म्हणणं. आणि पुण्यातल्या प्रत्येक दलालाप्रमाणे समोरचा म्हणाला की डॉक्टरांची गाडी आहे, फक्त रविवारी बाहेर काढायचे, की ती म्हणायची, "या डॉक्टरांना एकदा भेटायचंय मला. शहरातल्या सगळ्या गाड्या यांनीच वापरल्यात."

एवढं असून तिचा दावा असा की मी माणसांवर संशय घेत नाही. "माणसाला कशाला उगाच दोष द्यायचा? मी पत्र्याला विचारते." हे काही खरं नव्हतं. ती माणसांवरही भरपूर संशय घ्यायची, फक्त तोंडाने पत्र्याचं नाव घ्यायची. आम्ही ते तिच्या प्रेमाखातर चालवून घेत होतो. जावयाच्या गाडीपर्यंत कुणाला त्याचा त्रास झाला नव्हता, किंवा झाला असेल तरी तो कुणी बोलला नव्हता.

जावई म्हणजे रसिकाचा नवरा, अनिकेत. बाणेरला राहणारा, आयटीत चांगल्या जागेवर असलेला, बोलायला गोड मुलगा. त्याच्याकडे एक परदेशी कंपनीची गाडी होती. कंपनीचं नाव मी सांगत नाही. चार लोकांत ते उच्चारलं की मान आपोआप ताठ होते, एवढं पुरे. गाडी तशी लहान अंगाची, पण उंच, आत सगळं चामडं, डोक्यावर काचेचं छत. आत्याचं या जातीच्या गाड्यांबद्दल एक मत होतं: श्रीमंत घरातलं धाकटं पोर, थाट सगळा थोरल्याचा आणि हाडं धाकट्याची. पण हे ती जावयाच्या गाडीबद्दल कधी बोलली नव्हती. जावयाच्या गाडीपुरता तिने नाकाला हातरुमाल लावला होता.

अनिकेतला ती गाडी विकायची होती आणि मला, वाघोलीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला, आयुष्यात एकदा तरी तशी गाडी चालवायची होती. जमलं सगळं फोनवरच. त्याने मला नगर रोडवर एक चक्कर मारून आणली. खराडीच्या गर्दीत गाडी पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना गुडघ्यात कळ आल्यासारखी अडखळत होती. मला वाटलं, मोठ्या घरच्या गाड्यांना असं होत असेल. छताच्या कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा डाग होता आणि आत सुगंधी फवाऱ्याचा वास इतका दाटलेला की डोळे चुरचुरत होते. पण विचारणार कुणाला? जावई. आमच्याकडे जावयाला पाटावर बसवतात, त्याच्या गाडीचं बॉनेट उघडा म्हणत नाहीत. वडीलही म्हणाले की घरातलीच गाडी आहे, तपासायची काय. दसऱ्याला पूजा करून गाडी आमच्या दारात आणायची असं ठरलं.

दसऱ्याच्या आधी रसिकाचा फोन आला. "नंदूदादा, आईला पूजेला बोलाव. बाबा नाहीत म्हणून काय झालं, मोठी म्हणून तिनेच हळदकुंकू वाहावं. पण ती पिशवी तेवढी घेऊन येऊ देऊ नकोस. अनिकेत फार धसका घेतो तिचा." मी निरोप पोचवला. आत्या "बरं" म्हणाली. इतक्या सरळ "बरं" म्हणणारी आत्या मी कधी पाहिली नव्हती, आणि माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

दसऱ्याला ती शनिवार पेठेतून आली ती रेशमी साडी नेसून, केसात गजरा, हातात फक्त पेढ्यांचा पुडा. पिशवी नव्हती. आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली. बाणेरहून आली होती, त्यामुळे इंजिन चांगलं तापलेलं. झेंडूचा हार घातला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. रसिकाची मुलगी इरा आपट्याची पानं घेऊन सगळ्यांच्या हातात कोंबत होती. माझी बायको मेघना आरतीचं ताट घेऊन आली आणि आत्याच्या हाती दिलं. आत्या बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढायला वाकली. एक रेघ काढली, दुसरी अर्धी काढली आणि बोट तिथेच थांबलं.

पिशवी घरी ठेवून आली होती, पण नाक काही घरी ठेवून येता येत नाही. तिने ताट माझ्या हातात दिलं.

"अनिकेतराव, बॉनेट उघडता का जरा?"

अनिकेत हसला. म्हणाला, "आई, आज सणाचा दिवस आहे."

"हो ना. म्हणून म्हटलं."

त्याने बॉनेट उघडलं. अर्धं स्वस्तिक वर गेलं. आत्या आत वाकली आणि मला म्हणाली, "गोड वास येतोय बघ." मला झेंडूचा येत होता. तिने मला एक पांढरी प्लास्टिकची बाटली दाखवली. इंजिन थंड ठेवणारं गोडसर वासाचं पाणी त्यात असतं आणि ते खालच्या रेघेच्याही खाली गेलं होतं. बाहेर कुठे गळल्याचा थेंब नव्हता. म्हणजे ते आतल्या आत कुठेतरी जात होतं. मग ती मागे गेली. डिकीतला गालिचा उचलला, स्टेपनीच्या खाचेत बोट फिरवलं. बोटाला बारीक, मऊ, तपकिरी गाळ लागला. तो तिने त्या रेशमी साडीच्या पदराला पुसला, आणि तेव्हा मला कळलं की ती घाबरली आहे. पुढच्या सीटखाली हात घालून तिने सीट सरकायच्या पट्ट्या चाचपल्या. गंजलेल्या होत्या. ही गाडी कधीतरी पाण्यात उभी राहिली होती.

गाडी भिजली हे एक वेळ चाललं असतं, मी मनातल्या मनात तेही गिळायला निघालो होतो. पण आत्याचा पुढचा प्रश्न वेगळाच निघाला.

"अनिकेतराव, कंपनीने गाडी परत बोलावल्याचा निरोप आला होता?"

"मेसेज येत असतात हो आई. सर्व्हिसला बोलवायची युक्ती असते त्यांची."

"कधीपासून येतायत?"

अनिकेत बॉनेट बंद करायला पुढे झाला. रसिका म्हणाली, "आई, पुरे." आत्याने तिच्याकडे न बघता मला गाडीच्या पुढच्या काचेच्या कोपऱ्यातला चासी नंबर वाचायला लावला आणि कंपनीच्या वेबसाइटवर टाकायला सांगितला. मी टाकला. पडद्यावर आलं की या गाडीचं एक काम बाकी आहे. इंजिनाजवळचा एक लहान कूलर आतून गळतो, ते पाणी गरम काजळीत मिसळतं, त्याने शेजारची प्लास्टिकची नळी वितळते आणि क्वचित प्रसंगी गाडी पेट घेऊ शकते. काम होईपर्यंत गाडी इमारतीखाली उभी करू नये. भाग फुकट बदलून मिळणार होता. फक्त गाडी न्यायची होती.

मी हे मोठ्याने वाचायला नको होतं असं नंतर घरातले म्हणाले. मी वाचलं, कारण आत्या म्हणाली, वाच.

"लिंबं काढा," आत्या म्हणाली. "इंजिन सुरू करायचं नाही. वर सात मजले माणसं आहेत. ढकलत बाहेर न्या."

तो देखावा आमच्या सोसायटीतले लोक अजून आठवतात. हार घातलेली, बॉनेटवर अर्धं स्वस्तिक असलेली ती भपकेबाज गाडी, आणि दसऱ्याचे नवे कपडे घालून तिला मागून ढकलणारे आम्ही: मी, दोन शेजारी, वॉचमन आणि स्वतः जावईबापू. वरच्या गॅलऱ्यांतून लोक वाकून बघत होते. एकाने विचारलं, पेट्रोल संपलं का? समोरच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन गाडी उभी केली तेव्हा अनिकेतचा चेहरा असा झाला होता की मला त्याच्याकडे बघवेना.

रसिका आईसमोर येऊन उभी राहिली. आवाज मुळीच चढला नव्हता तिचा. "आई, आता माझ्या संसाराचा पंचनामा करून घे. तेवढाच राहिलाय."

आत्या म्हणाली, "इरा त्या गाडीत मागे बसते."

रसिकाने मुलीला उचललं, कॅब बोलावली आणि ते तिघं जेवण न करता गेले. श्रीखंडाचं पातेलं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी टोइंगवाला येऊन गाडी घेऊन गेला. कुठे, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

घरात सगळे जावयाच्या बाजूचे झाले. मीसुद्धा अर्धा होतो. माझ्या आईचं म्हणणं पडलं की चार लोकांत बोलायची काय गरज होती, बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी ते आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "बाजूला घेऊन सांगितलं असतं तर तो 'हो आई' म्हणाला असता आणि त्याच गाडीत मुलीला बसवून घरी गेला असता. चाळीस वर्षं 'हो मॅडम' ऐकलंय मी." तिच्या मते हे उघड होतं की अनिकेतला सगळं माहीत होतं. गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली असती तर पाणी शिरल्याचं तिथे उघड झालं असतं, नोंद झाली असती, आणि मग ती गाडी माझ्यासारख्या भोळ्या माणसालाही खपली नसती. म्हणून त्याने फुकटचं काम करून घेतलं नाही. "स्वतःच्या पोरीला पेटत्या चुलीवर बसवून फिरवतोय तो," असं ती म्हणाली. जावयाबद्दल एकेरीत बोलताना मी तिला तेव्हा प्रथम ऐकलं.

रसिकाने फोन घेणं बंद केलं. दिवाळी आली, गेली. पाडव्याला नाही, भाऊबीजेला नाही. आत्या त्याबद्दल बोलायची नाही. ती रोज सकाळी मला फोन करायची आणि फक्त म्हणायची, "बघ रे." मी तो चासी नंबर वेबसाइटवर टाकायचो. "काम बाकी," मी सांगायचो. ती "बरं" म्हणून फोन ठेवायची. मला तो नंबर पाठ झाला. मेघना म्हणायची, लोक सकाळी उठून राशिभविष्य बघतात आणि तुम्ही हे बघता.

एकदा तिला राहवेना. मला म्हणाली, बाणेरला सोड. माझ्या स्कूटरवर मागे बसून आली. रसिकाच्या सोसायटीसमोर फुटपाथवर आम्ही उभे राहिलो, आणि हिचे डोळे रस्त्याकडेच्या प्रत्येक गाडीवर. गाडी उघड्यावर उभी करतात की नाही एवढंच तिला बघायचं होतं. रस्त्यावर ती नव्हती. शेवटी तिने वॉचमनलाच विचारलं. तो विदर्भातला होता, मनमोकळा. म्हणाला, "ते कव्हरवाली का, मावशी? ते तं खाली बेसमेंटात हाय. मॅडम पोरीले शाळेत नेते ना तिच्यात."

आत्याने त्याला इंटरकॉमवर फ्लॅट जोडून द्यायला सांगितला. "रसिका, मी खाली आहे." मग मलाही ऐकू आलं, "आई, तू घरी जा." आत्याने फोन वॉचमनच्या हाती दिला, रस्ता ओलांडला आणि फुटपाथच्या कडेवर बसली. कुणाच्या घरच्या खुर्चीवर बसायच्या आधी ती हाताने झटकणारी बाई. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, "मी सगळ्यांसमोर बोलले नसते तर तिने मला वर तरी घेतलं असतं. वर गेले असते तर किल्ली लपवून ठेवली असती." मग म्हणाली, "ती आयुष्यभर बोलली नाही तरी चालेल रे मला. फक्त त्या गाडीत नको बसायला." मी तिच्याशेजारी बसलो. दुसरं काय करणार?

त्यानंतर एका सकाळी पडद्यावर काही बाकी नव्हतं. मी पुन्हा नंबर टाकला, पुन्हा तेच. आत्याला फोन करून सांगितलं. फोन चालू होता, पलीकडे कुकरची शिट्टी झाली, आणि मग तिने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मी तिची औषधं द्यायला शनिवार पेठेत गेलो होतो. बेल वाजली. दारात रसिका. एकटीच. आई कशी आहेस वगैरे काही नाही. आत आली, मोबाइल काढला आणि एक फोटो आईसमोर धरला, लहानपणी पेपर धरायची तसा. काळ्या प्लास्टिकची एक नळी होती. एका जागी वितळून, मेणासारखी ओघळून, आत भोक पडलेलं. वर्कशॉपमधल्या माणसाने दाखवली, रसिका सांगत होती, म्हणाला, मॅडम, फार वेळेवर आणलीत. अनिकेतला न सांगता तीच घेऊन गेली होती. तोवर ती हे सगळं आईचा नेहमीचा संशय म्हणून सोडून देत होती. "तू गेल्यावर मी गॅलरीतून बघितलं," ती म्हणाली. "तू फुटपाथवर बसली होतीस."

आत्याने चष्मा लावला. फोटो मोठा केला, डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला. मग विचारलं, "ही याच गाडीची कशावरून?"

रसिका आधी हसली, आणि हसता हसता अशी रडायला लागली की मी उठून उगाच स्वयंपाकघरात गेलो. आतून मला आत्याचा आवाज येत होता, "बरं, बरं, असेल हो याच गाडीची." मी चहा ठेवला. बाहेर आलो तेव्हा कळलं की अनिकेत खाली उभा आहे. वर का आला नाही, असं आत्याने विचारलं. रसिका म्हणाली, "तुझी भीती वाटते त्याला. पहिल्यापासून."

मी जाऊन त्याला घेऊन आलो. दाराशी चपला काढायला त्याने पुष्कळ वेळ लावला. आत्या उभी राहिली. "बसा, अनिकेतराव."

तो बसला नाही. उभ्याउभ्यानेच सांगून टाकलं त्याने. गाडी त्याने नवी घेतलेलीच नव्हती, जुनीच घेतली होती, ऑफिसमधल्या एका वरिष्ठाकडून. वरिष्ठ म्हणून भीड पडली आणि तपासली नाही, जशी मी त्याची तपासली नाही. पहिल्या पावसाळ्यातच गालिच्याखालून गाळ निघाला आणि त्याला कळलं की आपल्याला बुडालेली गाडी विकली आहे. पण घरात तो शोरूमची म्हणून सांगून बसला होता. कंपनीचे मेसेज आले ते त्याने शेवटपर्यंत वाचलेसुद्धा नव्हते. वर्कशॉपचं नाव निघालं की त्याला एवढंच दिसायचं, तिथे गाडी उघडणार, रसिकाला कळणार आणि रसिकाकडून सासूबाईंना. म्हणूनच कुणाला कळायच्या आत ती मला देऊन त्याला मोकळं व्हायचं होतं.

"पण मला का नाही सांगितलंत?" आत्या म्हणाली. "हेच तर काम केलं मी जन्मभर."

"तुम्ही 'कशावरून' विचारलं असतं, आई. आणि आपण मूर्ख ठरलो, याशिवाय माझ्याकडे उत्तर नव्हतं."

आत्या खाली बसली. तिच्याकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं की ही म्हातारी झाली. ती म्हणाली, "फसवणारी माणसं मी लांबून ओळखत आले. फसलेलं माणूस माझ्याच घरात होतं, ते काही मला ओळखता आलं नाही." मग तिने अनिकेतचा हात धरून त्याला शेजारी बसवलं आणि मला चहा पुन्हा गरम करायला पाठवलं. चहा सगळ्यांनी घेतला. गाडीचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही. नंतर अनिकेतने ती भंगारवाल्याला दिली, दुसऱ्या कुणाला विकली नाही.

आत्याला जाऊन आता वर्ष होऊन गेलं. शेवटच्या आजारपणात ती रसिकाकडेच होती, आणि नर्सला इंजेक्शनची तारीख मोठ्याने वाचायला लावायची. माझ्या दारात एक साधी, देशी, नवी गाडी आहे. गिअर बदलताना कळ येत नाही, तिचं नाव सांगताना मानही ताठ होत नाही. तिची ती पिशवी रसिकाने मला देऊ केली होती. मी म्हटलं, अनिकेतला दे.

आता आमच्यात कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की अनिकेतला नेतात. चुंबक, आरसा, विजेरी, सगळं तो वापरतो, पण नंतर. आधी विकणाऱ्याशेजारी बसतो, त्याने दिलेला चहा घेतो आणि सांगतो, "मी एकदा बुडालेली गाडी घेतली होती आणि लाजेपायी माझ्या मुलीला वर्षभर तिच्यात बसवलं. तुमच्याही गाडीत तसं काही असेल तर आत्ताच सांगा. मी कुणाला बोलणार नाही." मी दोनदा त्याच्याबरोबर गेलो. एक जण कपात बघत बसून राहिला आणि मग म्हणाला, गाडी धडकलेली आहे, पुढचा भाग बदललाय. दुसरा म्हणाला, गाडी चांगली आहे, पण माझ्या मुलाला तीत अपघात झाला आणि मला ती दारात बघवत नाही. दोघांनीही खरं सांगितलं होतं, अनिकेतने नंतर तपासलं. हे आत्याला सांगायला हवं होतं, असं मला फार वाटतं.